दोन दाणे, चार दाणे

सोललेले अवरे आता डब्यात भरून दहा मिनिटांत दारात आणून देतात. गेल्या रविवारी आला तसला एक डबा. पारदर्शक झाकण, त्यावर वजनाची चिठ्ठी, आत एकसारखे हिरवट दाणे. मी झाकण उघडून नाक जवळ नेलं. काही नाही. वास सगळा सालीबरोबर गेलेला. डबा फ्रिजमध्ये ढकलला, चहा केला आणि नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून बेंगळुरातल्या एचएसआर लेआउटची दुपार बघत राहिले. खाली कुणाचा तरी कुत्रा उगीचच भुंकत होता.

अवरे म्हणजे आमच्या निपाणीकडच्या पावट्याचा भाऊबंद. थंडी पडली की बेंगळुरात रस्तोरस्ती त्याच्या शेंगांचे ढीग लागतात. उपम्यात अवरे, सारात अवरे, तांदळाच्या भाकरीत अवरे. दोन महिने माणसांना दुसरं काही सुचतच नाही. दव पडलेल्या शेंगेला एक तेलकट, उग्र वास असतो. बोटांना लागला की साबणानं जात नाही. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द असेलही, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायचा उत्साहही आता उरलेला नाही.

तो वास आला की मला पोकर आठवतो. हसा खुशाल. सत्तेचाळीस वर्षांची बाई, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी, कायमची पाठदुखी, आणि हिला पावट्याच्या वासानं काय आठवावं, तर पोकर! पण आहे हे असं आहे.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी जुन्या पेठेतल्या एका गल्लीत राहत होते. शंकरअण्णा आणि सरोजाक्का या नवराबायकोच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत, भाड्यानं. त्यांची मराठी चार पिढ्या बेंगळुरात मुरलेली. ‘स्वल्प थांब की’, ‘सरी, होऊ दे’, अशी. घराच्या पुढच्या भागात अण्णांचं बटणं, लेस आणि साडीच्या फॉलचं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि मधे एक बैठक. बैठकीत गोल टेबल आणि भिंतीला लागून आरशाच्या दाराचं जुनं शिसवी कपाट. माझा घटस्फोट नुकताच झाला होता. खोली बघायला गेले तेव्हा नवरा कुठे असतो, एकटीच का, असलं काही अक्कांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “पत्ते येतात काय?” मला रमी येत होती. “चालतंय,” त्या म्हणाल्या, “बाकीचं शिकशील.”

अण्णा तरुणपणी एका क्लबाला गणवेशाची बटणं पुरवत. बटणं देऊन झाली की तिथल्या पत्त्यांच्या खोलीत दाराशी उभे राहत. उभ्याउभ्याच पोकर शिकले आणि लग्न झाल्यावर बायकोला शिकवला. मूलबाळ झालं नाही. रविवारी दुकान बंद. जेवणं उरकली की दोघं टेबलाशी बसत. मी आल्यावर तिघं झालो. वर्षभर आम्ही शर्टाच्या बटणांवर खेळायचो आणि थंडीत अवऱ्यांवर. प्रत्येकापुढे एक वाटी भिजवलेले दाणे. खेळ संपल्यावर ज्याच्या वाटीत सगळ्यात कमी, त्यानं सगळ्यांचे दाणे सोलायचे. चिमटीत धरून दाबलं की साल बोटांत राहते आणि आतला दाणा सुटकन परातीत उडतो. शंभरेक दाणे झाले की अंगठा दुखायला लागतो. हीच शिक्षा.

खेळ साधा. हातात दोन पानं, टेबलावर टप्प्याटप्प्यानं उघडत जाणारी पाच. त्या सातांतून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. अण्णांचा पोकर लिमिटचा. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांना दोनच दाणे लावायचे, पुढच्या दोन फेऱ्यांना चारच. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी असो नाहीतर भिकारातली भिकार पानं, दोन म्हणजे दोन आणि चार म्हणजे चार. त्यामुळे तिथं कुणी कुणाला धाक दाखवून उठवू शकत नसे. फार तर दोन दाणे जातील, मग शेवटपर्यंत बसून बघायला काय हरकत? अण्णा कधीच पानं टाकत नसत. “नोडोण!” म्हणत, म्हणजे बघूया, आणि दोन दाणे पुढे सरकवत. हरले की खदाखदा हसत. अक्का फारशा जिंकत नसत, फारशा हरतही नसत. त्यांची खुर्ची ठरलेली, अण्णांच्या समोर, कपाटाकडे तोंड करून. मी एकदा चुकून तिथं बसले तर म्हणाल्या, “ऊठ ऊठ. तिथनं मला आरशात रस्त्याचं दार दिसतंय.” रविवारी बंद दुकानाच्या दारात कोण येणार होतं, देव जाणे. मी उठले.

त्या दुपारी आठवल्या की मला अजूनही बरं वाटतं. बाहेर थंड, कोरडं ऊन. वाटीतल्या ओल्या दाण्यांचा आवाज. अक्कांनी मधेच उठून आणलेला चहा. मला तेव्हा दुसरं घर नव्हतं. आईवडील गेलेले, निपाणीत भाऊ आहे पण तो फोनवर बोलतानाही घाईत असतो. आठवडाभर हेब्बाळच्या ऑफिसात पिचून यायचं ते या रविवारच्या भरवशावर.

गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचं काम निघालं तेव्हापासून अक्कांचा दमा वाढला. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटानं नाव लिहिण्याइतकं धुळीनं भरायचं. बेंगळुराबाहेर आनेकल गावात अक्कांचं माहेर. भाऊ वारल्यावर तिथलं घर रिकामं पडलं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे फणसाचं झाड. डॉक्टरांनी हवा बदला म्हणून सांगितलं होतं. अक्का पानं हातात घेता घेता म्हणत, “जाऊया की आनेकलला.” अण्णा म्हणत, “नोडोण.” पुढच्या रविवारी पुन्हा, “तिथं कौलं शाकारून घ्यायला पाहिजेत.” “नोडोण की, काय घाई?”  अण्णा या पेठेतल्याच घरात जन्मलेले. दुकानाचं फळकूट त्यांच्या आजोबांनी ठोकलेलं. त्यांना हलायचं नव्हतं, आणि तसं तोंडावर सांगायचंही नव्हतं. आणि माझं म्हणाल तर मी मनातल्या मनात अण्णांच्या बाजूची. अक्का खोकायला लागल्या की मी पाणी आणून द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि आनेकलचा विषय निघाला की पत्ते पिसायला घ्यायचे. हे लिहितानाही लाज वाटते.

मग मी ती अक्कल पाजळली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधले साखरेच्या पुड्यांवर पोकर खेळत. तो नो-लिमिट. मनात येईल तेवढं लावा. वाटलं तर एका दमात समोरचं सगळं पुढे ढकला. समोरच्यानं एक तर तेवढंच सगळं लावायचं, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. एकदा मीही सगळ्या पुड्या ढकलल्या. समोरच्या मॅनेजरनं पानं टाकली. माझ्याकडे काहीही नव्हतं! त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत घरी आले. इतकी वर्षं सगळं मोजूनमापून, भीत भीत केलं होतं. लग्नातही दोन दाणे, चार दाणे करत सहा वर्षं बसून राहिले, शेवटी काय निघतं ते बघायला.

त्याच वर्षी आमच्या कंपनीनं रजेची मर्यादा काढून टाकली. कितीही रजा घ्या, कुणी विचारणार नाही. आधी ठरलेल्या अठरा रजा होत्या तेव्हा आम्ही अठराच्या अठरा वसूल करत होतो. मर्यादा गेल्यावर मी वर्षभरात चार घेतल्या. सगळ्यांचं तेच. किती घेतली म्हणजे जास्त होते, हेच कुणाला कळेना. यातून मी काही शिकायला हवं होतं, पण कुठलं काय.

“अण्णा, याला काय अर्थ आहे?” मी एका रविवारी म्हणाले. “दोन दाणे, चार दाणे! लहान मुलांचा खेळ. मर्यादा काढून टाकू.” अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. “क्लबात असं कुणी खेळत नव्हतं.” “तेव्हा नव्हतं खेळत. आता सगळं जग असंच खेळतं.”  अक्का म्हणाल्या, “खेळून बघू की.” मला वाटलं, माझी बाजू घेतली.

दोनच डावांत अण्णांची वाटी रिकामी झाली. पहिल्या डावात मी अर्धी वाटी लावली, अण्णा सवयीनं “नोडोण” म्हणाले आणि अर्धी वाटी गेली. दुसऱ्या डावात उरलेली अर्धी. अडीच वाजता ते परात मांडीवर घेऊन सोलायला बसले ते चारपर्यंत सोलतच होते. मी दोनदा म्हणाले, “अण्णा, आता बघायला महाग पडतं. पानं टाकायला शिका.” ते म्हणाले, “इतकं बसल्यावर बघितल्याशिवाय कसं उठायचं गं?” पुढचा रविवार तसाच, त्याच्या पुढचाही. टेबलावरचं हसणं आटलं. प्रत्येक डावाला लांबलचक विचार, एकमेकांच्या तोंडाकडे रोखून बघणं. अक्का बहुतेक डाव पहिल्याच फेरीत सोडून देत. मीच जिंकत होते आणि मलाच कंटाळा येत होता. दोन-चारवर परत जाऊ, असं म्हणायचं दर रविवारी ठरवत होते. पण सुरुवात मीच केलेली, जीभ रेटेना.

संक्रांत होऊन गेल्यावरचा तो रविवार. तिळगुळाची वाटी टेबलावर तशीच होती. अक्का सकाळपासून खोकत होत्या, आवाज बसलेला. मी पानं वाटली आणि पहिल्याच फेरीत माझी टाकली. टेबलावर एकेक करत चौकटचा राजा, किलवरचा गुलाम, अठ्ठी, तिर्री आणि दुर्री आली. अण्णा नेहमीसारखे पानं नाकाशी धरून बसलेले. अक्कांनी वाटी उचलली आणि सगळे दाणे टेबलाच्या मध्ये ओतले. दोन-चार घरंगळून खाली पडले.

“सगळं,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी सवयीनं हात वाटीकडे नेला.

“थांबा. दाण्यांचं नाही बोलत मी.” अक्कांना धाप लागली होती. त्या थांबल्या, श्वास घेतला. “मी जिंकले तर आपण आनेकलला जायचं. या महिन्यात. हरले तर पुन्हा कधी तोंडातनं काढणार नाही.”

 मी थट्टा म्हणून हसून बघितलं, पण दोघांतलं कुणी हसलं नाही.  आता अण्णा म्हणणार ‘नोडोण’. जन्मभर दुसरं म्हणालेत काय? मी मनात म्हणत होते, म्हणा अण्णा, बघा, बघा. अण्णा किती तरी वेळ पानांकडे बघत होते. मग अक्कांकडे बघायला लागले. मग त्यांनी पानं उलटी करून टेबलावर ठेवली आणि त्यांवर तळहात दाबला.

“सरी,” ते म्हणाले. “जाऊया.”

 अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. अण्णा उठून दुकानात गेले, आणि रविवार असून फळकुटावरच्या बरण्या पुसायला लागले. मी पत्ते गोळा केले. गोळा करताना बघू नये म्हणतात, मी दोघांचीही बघितली. अक्कांकडे सत्ती आणि पंजी. म्हणजे शून्य. अण्णांकडे दोन राजे. टेबलावरचा धरून तीन. त्या पानांना हरवेल असं त्या डावात काही असणंच शक्य नव्हतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला ओरडायचं होतं. पानं उलटून दाखवली असती तर घर राहिलं असतं, टेबल राहिलं असतं, माझे रविवार राहिले असते. मी दुकानाच्या दारापर्यंत गेलेही. अण्णा पाठमोरे होते. “वंदू,” मागे न बघता ते म्हणाले, “पत्ते पिसून ठेव.” मी पिसून ठेवले.

महिन्याच्या आत घर आवरलं. दुकानाच्या बरण्या अण्णांनी शेजारच्या शिंप्याला देऊन टाकल्या. आरशाचं कपाट आनेकलच्या दारातून आत जाणार नाही असं कळलं, म्हणून ते इथंच कुणाला तरी दिलं. मी या नवव्या मजल्यावर आले. नंतर फोन होत राहिले. तीन वर्षांत जाणं मात्र एकदाच, तेही घाईत. काम होतं, पाठ होती, बस दूर होती. खरं कारण वेगळं. मला अण्णांचा राग होता. हातातला डाव टाकला म्हणून. आणि अक्कांचा त्याहून जास्त. काहीही हातात नसताना माझं सगळं घेऊन गेल्या म्हणून. सुरुवात मी केली होती, हे कळत होतं म्हणून तर राग जात नव्हता.

गेल्या रविवारचा तो बिनवासाचा डबा तसाच पडून राहिला आणि शुक्रवारी टाकून दिला. आज सकाळी मात्र आनेकलची बस पकडली. पुढच्या सीटवर एका बाईच्या पिशवीतून शेंगा डोकावत होत्या. दीड तास तो वास येत होता आणि मी दीड तास खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

अक्का पडवीत अवरे सोलत होत्या. जरा जाड झाल्यात. खोकला जवळजवळ गेलाय. बोलताना मधे थांबावं लागत नाही. मला बघून म्हणाल्या, “आलीस? बस. हात धू आणि सोल.” मी बसले. अण्णा पुढच्या खोलीत आडवे झाले होते, ऐकू कमी येतं म्हणून रेडिओ मोठ्यानं लावलेला.  सोलता सोलता अक्काच म्हणाल्या, “रागावलीस ना माझ्यावर?”

“नाही हो अक्का.”

“रागावलीस. मला कळतंय.” त्यांनी एक दाणा दाबला. “त्या दिवशी माझ्याकडे काय होतं ते बघितलंस ना? पत्ते तूच गोळा केलेस.”

“बघितलं.”

“काय होतं?”

“काही नव्हतं.”

“आणि त्यांच्याकडे?”

मी परातीकडे बघत राहिले. सांगून काय मिळणार होतं? अण्णांनी तीन वर्षं सांगितलं नव्हतं. “आठवत नाही,” मी म्हणाले.

अक्का हसल्या. “बदामचा राजा आणि इस्पिकचा.”

माझ्या चिमटीतला दाणा परातीबाहेर उडाला.

“आरशात दिसत होते गं. पहिल्यापासूनच दिसायचे. ते असे तोंडापुढं उभे धरायचे, मागे तो आरसा. चाळीस वर्षं त्यांची पानं मला दिसतायत. आपल्याच माणसाचे दाणे काय लुटायचे, म्हणून कधी फायदा घेतला नाही.”

“मग त्या दिवशी? त्यांच्याकडे तीन राजे आहेत हे माहीत असताना सगळं लावलंत? ते नोडोण म्हणाले असते तर?”

“तर मी हरले असते. मग मरेपर्यंत तिथंच.” अक्का हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. “इतकी वर्षं विचारत होते. ते दोन दाणे टाकायचे आणि बसायचे. तू आलीस आणि म्हणालीस, सगळं लावता येतं. तेव्हा कळलं, असंही विचारता येतं. जिंकलेली पानं माझ्यासाठी टाकतात काय, तेवढंच बघायचं होतं. हरलेली पानं कुणीही टाकतंय.”

मला रडू आलं. उगीच नाकाला हात लावला तर बोटांचा वास डोळ्यांत चढला. “मी त्या दिवशी पानं उलटून दाखवणार होते,” मी म्हणाले. “दारापर्यंत गेले होते.”

“माहीत आहे. आतनं बघत होते मी.” त्यांनी माझ्या पुढ्यात आणखी मूठभर दाणे टाकले. “दाखवली असतीस तर मी अजून त्या आरशातच बघत बसले असते.”

रेडिओ बंद झाला. अण्णा डोळे चोळत पडवीत आले, मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. “वंदू! पत्ते आणलेस काय?” पत्ते त्यांच्याच कोनाड्यात होते. जुनाच जोड, कडा फाटलेल्या. चटईवर तीन वाट्या मांडल्या. मी विचारलं, कसं खेळायचं? अक्का म्हणाल्या, “माझ्या घरात दोन-चार. साकु, पुरे झालं ते सगळं एकदम लावणं.”

अण्णा भिंतीला टेकून बसले. पानं तशीच नाकाशी धरलेली. मागे नुसती चुन्याची भिंत. अण्णांनी दोन दाणे टाकले. अक्का समोर बसल्या होत्या. त्या आपल्या पानांकडे बघत होत्या, मग अण्णांच्या तोंडाकडे, पुन्हा पानांकडे. किती तरी वेळ त्यांना काही ठरवता येईना. मग त्यांनी वाटीतून दोन दाणे उचलून पुढे सरकवले.

“नोडोण,” त्या म्हणाल्या.

अण्णा खदाखदा हसले. माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. मी ती उलटी करून चटईवर ठेवली आणि परात मांडीवर ओढून घेतली.